१३७.९ मेगाहर्ट्झवर मेटिऑर: मराठवाड्याच्या गच्चीवरून उपग्रहाचा माग

जवळच्या कक्षेतल्या उपग्रहाचा माग काढायचा म्हटलं की पहिला प्रश्न अँटेनाचा येतो. किती एलिमेंटची, किती लांब, फिरवायला मोटर कुठली? आमचा अनुभव असा की अँटेनामुळे पास, म्हणजे उपग्रहाची आपल्या आभाळातली एक फेरी, वाया जाणं तसं क्वचितच. जास्त वेळा तो जातो लॅपटॉपच्या चुकलेल्या घड्याळामुळे, कक्षेच्या शिळ्या आकड्यांमुळे, नाहीतर शेजारच्या इन्व्हर्टरमुळे. या तीन गोष्टी जागेवर असल्या तर तांब्याच्या दोन तारा ८२० किलोमीटर उंचीवरून चित्र उतरवून देतात. म्हणून आधी त्या, मग अँटेना.

उपग्रह निवडताना जुन्या लेखांवर आणि व्हिडिओंवर भिस्त ठेवू नका. त्यांत सगळीकडे अमेरिकेचे हवामान उपग्रह एनओएए-१५, १८ आणि १९ सापडतील. ते तिन्ही जून ते ऑगस्ट २०२५ या काळात बंद केले गेले. त्यांची टिकटिक ऐकू येईल म्हणून आजही लोक १३७.६२ मेगाहर्ट्झ लावून बसतात आणि डोंगल (लॅपटॉपला लावायचा छोटा रिसीव्हर) बिघडलंय असं समजतात. आता या पट्ट्यात चित्रासाठी भरवसा ठेवावा तो रशियाच्या मेटिऑर-एम या हवामान उपग्रहांच्या मालिकेवर. एन२-३ हा २७ जून २०२३ ला सुटला, एन२-४ हा २९ फेब्रुवारी २०२४ ला. दोन्ही एलआरपीटी नावाच्या डिजिटल पद्धतीने १३७.९ किंवा १३७.१ मेगाहर्ट्झवर चित्र पाठवतात. यात अधूनमधून बदल होतो, तेव्हा सध्या कोण कुठे आहे हे आधी बघून घ्यावं. एन२-३ ची या प्रसारणाची अँटेना नीट उघडली नाही, त्यामुळे त्याचा सिग्नल बेभरवशाचा आहे. सुरुवात एन२-४ ने करा.

मेटिऑर एक फेरी साधारण १०१ मिनिटांत मारतो. तेवढ्या वेळात पृथ्वी त्याच्याखाली २५ अंश फिरलेली असते. आपण १८ ते २० उत्तर अक्षांशावर. युरोपात ध्रुवीय कक्षेचे उपग्रह दिवसात कितीतरी वेळा दिसतात, आपल्याकडे तसं नाही. सकाळच्या घोळक्यात दोन, कधी तीन पास, संध्याकाळ-रात्रीच्या घोळक्यात तेवढेच. त्यातला एखादाच डोक्यावरून जातो, बाकीचे पूर्वेला किंवा पश्चिमेला अरबी समुद्रावर कललेले. डोक्यावरचा पास क्षितिजापासून क्षितिजापर्यंत १५ मिनिटांचा असतो. कक्षेचा कल ९८ अंशांच्या पुढे, त्यामुळे उत्तरेकडे जाणारा पास दक्षिणेपासून किंचित पूर्वेला उगवतो आणि उत्तरेच्या किंचित पश्चिमेला मावळतो. दक्षिणेकडे जाणाऱ्याचं याच्या उलट.

अंतराचे आकडे एकदा नजरेखालून घातले की कुठला पास घ्यावा हे आपोआप कळतं. मेटिऑर क्षितिजावर असतो तेव्हा आपल्यापासून ३,३०० किलोमीटरपेक्षा लांब असतो. १० अंश वर आला की साधारण २,४००, ३० अंशांवर १,४२५ आणि डोक्यावर ८२०. क्षितिज ते डोकं एवढ्यात सिग्नल १२ डेसिबलने वाढतो. ज्याचं एलिव्हेशन, म्हणजे क्षितिजापासूनची उंची, २० अंशांपेक्षा वर जात नाही असा पास शिकताना घेऊच नये. बालाघाटच्या रांगेत, किंवा उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर आडवे असलेल्या गावात तर ३० धरा. परभणी, नांदेडकडच्या सपाट काळ्या रानात मात्र ५ अंशांवरही सिग्नल उमटायला लागतो. आडवं येतं ते फार तर एखादं लिंबाचं झाड.

आता कक्षेचे आकडे. त्यांना टीएलई म्हणतात: प्रत्येकी ६९ अक्षरांच्या दोन ओळी. पहिल्या ओळीत उपग्रहाचा कॅटलॉग क्रमांक असतो (एन२-४ चा ५९०५१, अंतराळ स्थानकाचा २५५४४) आणि हे आकडे कोणत्या क्षणाचे आहेत तो युगक्षण. तो वर्षाचे दोन अंक आणि वर्षातला कितवा दिवस, अपूर्णांकासह, असा लिहिलेला असतो, तोही यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत. दुसऱ्या ओळीत कक्षेचा कल, आरोही पाताचं (उत्तरेकडे जाताना विषुववृत्त ओलांडायच्या जागेचं) स्थान, विकेंद्रता (कक्षा किती लंबगोल आहे ते), पुढे दोन कोन आणि शेवटी दिवसाच्या फेऱ्या. विकेंद्रतेत दशांश चिन्ह लिहीत नाहीत. ०००४१२३ दिसलं तर ते ०.०००४१२३ समजायचं. दिवसाच्या फेऱ्या पाहून उपग्रह बरोबर निवडलाय की नाही ते लगेच कळतं. मेटिऑरला १४.२ च्या आसपास आकडा हवा, अंतराळ स्थानकाला १५.५ च्या. प्रत्येक ओळीचा शेवटचा अंक पडताळणीचा असतो. व्हॉट्सॲपवरून ओळी कॉपी केल्या की मधल्या दोन मोकळ्या जागांची एक होते, सगळे रकाने सरकतात आणि प्रोग्रॅम एक तर ओळ नाकारतो किंवा, त्याहून वाईट, गुपचूप भलतंच गणित करतो. टीएलई कधीही मेसेजमधून घेऊ नये. सेलेस्ट्रॅक या वेबसाइटवरून थेट प्रोग्रॅमलाच उतरवू द्यावी.

किती जुनी चालेल? ८२० किलोमीटरवर हवेचा अडथळा फार थोडा. मेटिऑरची टीएलई आठवडाभराची असली तरी फरक एखाद-दोन सेकंदांच्या पलीकडे सहसा जात नाही. अंतराळ स्थानकाचं तसं नाही. ते ४२० किलोमीटरवर, हवा त्याला सतत मागे ओढते आणि अधूनमधून इंजिन पेटवून ते वर ढकललं जातं. ढकलण्याआधीची टीएलई वापरली की दोन-तीन दिवसांतच वेळ घसरते. सूर्यावर वादळ झालं की वरची हवा फुगते आणि खालच्या कक्षेतल्या सगळ्यांचाच हिशोब बिघडतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकच्या एका खेपेतले ४९ पैकी ३८ उपग्रह असेच हवेत ओढले जाऊन जळाले.

हे आकडे घेऊन पुढचं गणित एसजीपी४ नावाचं सूत्र करतं. जीप्रेडिक्ट, ऑर्बिट्रॉन, मोबाइलवरचं लूकफोरसॅट, सगळ्यांच्या पोटात तेच आहे. त्यामुळे दोन प्रोग्रॅम वेगवेगळी वेळ दाखवत असतील तर सूत्राला दोष देऊ नका. त्यांना दिलेली टीएलई, जागा किंवा घड्याळ यांपैकी काहीतरी वेगळं आहे.

जागेच्या बाबतीत लोक नको तिथे काटेकोर होतात. सहा दशांश स्थळांपर्यंत अक्षांश भरायची काही गरज नाही. ०.०१ अंश म्हणजे जेमतेम एक किलोमीटर, उपग्रह तेवढं अंतर सेकंदाच्या सातव्या हिश्शात कापतो. छत्रपती संभाजीनगरसाठी १९.८८ उत्तर, ७५.३३ पूर्व, लातूरसाठी १८.४० आणि ७६.५७, नांदेडसाठी १९.१५ आणि ७७.३१ एवढं पुरे. समुद्रसपाटीपासूनची उंची चुकली तरी काही बिघडत नाही. बिघडतं ते अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली की, किंवा प्रोग्रॅममध्ये आधीच भरून ठेवलेलं कुठलं तरी परदेशी शहर तसंच राहिलं की.

घड्याळात मात्र कसर नको. उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर जातो. घड्याळ मिनिटभर मागे-पुढे असलं तर प्रोग्रॅममधला ठिपका आणि खरा उपग्रह यांत साडेचारशे किलोमीटरचं अंतर पडतं. घरी इंटरनेटवर लॅपटॉपचं घड्याळ आपोआप जुळतं, पण शेतातल्या आखाड्यावर नेट नसतं, आणि आतला छोटा सेल मेलेला जुना लॅपटॉप बॅटरी उतरली की भलत्याच सालात जाऊन बसतो. निघायच्या आधी मोबाइलशी वेळ ताडून घ्यावी. दुसरी गफलत यूटीसीची. आपण ५ तास ३० मिनिटं पुढे. काही प्रोग्रॅम वेळेचा फरक पूर्ण तासांतच घेतात आणि ते अर्धा तास बिनबोभाट गिळतात. म्हणून आम्ही प्रोग्रॅम यूटीसीवरच ठेवतो आणि पासाच्या वेळा कागदावर आपल्या वेळेत लिहितो.

उत्तर कुठे, हा प्रश्न वाटतो तेवढा क्षुल्लक नाही. मराठवाड्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाच्या आतच आहे, त्यामुळे ती दुरुस्ती करायची गरज नाही. पण मोबाइलचं होकायंत्र स्लॅबमधल्या सळया, पाण्याच्या टाकीचा लोखंडी घोडा आणि पत्रे यांना बळी पडतं. रात्री ध्रुवतारा बघावा. आपल्याकडे तो १८ ते २० अंशांवर, म्हणजे बराच खाली असतो, आणि खऱ्या उत्तरेपासून अंशभरही हललेला नसतो. दिवसा उभ्या काठीची माध्यान्हीची सावली उत्तर दाखवते. फक्त माध्यान्ह बाराला नसते. आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या पश्चिमेला आहोत, त्यामुळे संभाजीनगरात ती साधारण साडेबाराच्या आगेमागे येते: नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबाराच्या जरा आधी, फेब्रुवारीत पावणेएकच्या जवळ. मेच्या मध्याला हा उपाय सोडून द्यावा. सूर्य डोक्यावर असतो, सावलीच पडत नाही.

आता अँटेना. १३७ मेगाहर्ट्झसाठी आम्ही इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा डायपोल सुचवतो. अर्थिंगला वापरतात ती ८ नंबरची तांब्याची तार किंवा ४ ते ६ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची सळई घ्या. दोन तुकडे, प्रत्येकी ५३.४ सेंटिमीटर. एका टोकाला दोन्ही तुकडे इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणाऱ्या कनेक्टर पट्टीत कसायचे, एकमेकांना न टेकता. एकीला केबलची मधली तार, दुसरीला जाळी. दोन तारांमध्ये १२० अंशांचा कोन हवा. कोनमापक शोधत बसू नका, मोकळ्या दोन टोकांमधलं अंतर साडेब्याण्णव सेंटिमीटरच्या आसपास आलं की कोन झाला. दोन्ही तारा जमिनीला समांतर आणि व्हीचं उघडं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला. आडव्या डायपोलचा एक फुकटचा फायदा असा की जमिनीवरचे बहुतेक उभ्या ध्रुवणाचे (ध्रुवण म्हणजे लहर डोलते ती दिशा) सिग्नल त्याला फारसे ऐकू येत नाहीत. उपग्रहाच्या लहरी वर्तुळाकार ध्रुवणाच्या, त्यामुळे ३ डेसिबल सोडून द्यावे लागतात. ते परवडतं.

केबल जिथे तारांना जोडली तिथेच तिचे पाच-सहा वेढे घालून टेपने आवळून टाका, नाहीतर केबलची जाळीच अँटेनासारखी वागते आणि घरातला सगळा गोंगाट वर नेते.

उंचीकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. सळयांचा स्लॅब किंवा टिनपत्रा हा लहरींना आरशासारखा. डायपोल पत्र्यापासून अर्ध्या तरंगलांबीवर, म्हणजे १०९ सेंटिमीटरवर लावला की खालून परतलेली लहर वरून येणाऱ्या लहरीला नेमकी डोक्यावरच मारून टाकते. मग २० ते ४० अंशांवर झकास चालणारा सिग्नल उपग्रह माथ्यावर आला की बसतो. तो जवळ आलाय आणि आवाज कमी झालाय, हे बघून माणूस चक्रावतो. पाव तरंगलांबीवर, ५५ सेंटिमीटरवर लावला तर डोक्यावर जोर आणि कडेला कमी. आम्ही ८० सेंटिमीटरच्या आसपास ठेवतो. तिथे माथ्यावर थोडं नुकसान होतं पण ४० अंशांच्या पट्ट्यात भरपूर मिळतं, आणि पासाचा वेळ माथ्यापेक्षा तिथे जास्त जातो. मातीच्या माळवदावर हा खेळ सौम्य असतो. आत लोखंड नाही, माती कोरडी, परतणारी लहर दुबळी. जुन्या वाड्याचं माळवद असेल तर एक मीटरच्या काठीवरही निभावतं.

खांब पीव्हीसीच्या पाइपचाच घ्या. लोखंडी पाइप तारांच्या मधोमध आला की सगळी मापं व्यर्थ.

केबलच्या बाबतीत एक गैरसमज घट्ट बसलाय की डोंगल ५० ओहमचं, तेव्हा ७५ ओहमची टीव्हीची केबल चालणार नाही. चालते. या विसंगतीचं नुकसान पाव डेसिबलही नाही. उलट बारीक आरजी-५८ दहा मीटरला जवळपास २ डेसिबल खाते आणि डिशवाल्याकडची आरजी-६ तेवढ्याच लांबीला एकाहून कमी. जिल्ह्याच्या गावी आरजी-६ कुठेही मिळते. फक्त एफ कनेक्टर पिळून बसवण्याऐवजी दाबून बसवणारा घ्यावा, आणि पावसाळ्याआधी वर स्वतःत चिकटणारी रबरी टेप गुंडाळावी. एकदा पाणी जाळीत शिरलं की केबल बाहेरून नवी दिसते आणि आतून काळी पडलेली असते.

डोंगल म्हणजे आरटीएल-एसडीआर, टीव्हीसाठी बनलेल्या आरटीएल२८३२यू चिपवरचं. घेताना तापमान-स्थिर ऑसिलेटर असलेलं घ्या, त्याची चूक दशलक्षात एकाच्या आसपास असते, म्हणजे १३७.९ वर १३८ हर्ट्झ. अगदी स्वस्तातल्या डोंगलची चूक दशलक्षात पन्नासपर्यंत जाते, ती ४३६ मेगाहर्ट्झवर २२ किलोहर्ट्झ होते आणि उपग्रह शेजारच्या चॅनेलवर आहे असं वाटतं. ही चूक मोजायला वेगळं यंत्र लागत नाही. उपग्रह आपल्याला सर्वांत जवळ असतो त्या क्षणी डॉप्लरचा फरक, म्हणजे त्याच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सीत पडणारा फरक, शून्य असतो. त्या क्षणी पडद्यावर सिग्नल ठरलेल्या फ्रिक्वेन्सीपासून जितका बाजूला दिसतो, तेवढी चूक आपल्या डोंगलची. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर गेलेला असताना डोंगल उन्हात तापलेल्या फरशीवर ठेवलं तर ते भरकटतं, कधी पासाच्या मध्यातच गप्प होतं. ते सावलीत ठेवा आणि पासाच्या पंधरा-वीस मिनिटं आधीच सुरू करून स्थिर होऊ द्या.

आणि गोंगाट. अँटेनाला दोष देण्याआधी ही चाचणी करा: लॅपटॉप बॅटरीवर घ्या, चार्जर काढा, पडद्यावर १३७ ते १३८ चा पट्टा लावा आणि घराचा मेन स्विच बंद करा. गोंगाटाची खालची रेषा आणखी खाली घसरली तर शत्रू घरातच आहे. स्वस्त एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, सेट टॉप बॉक्स एकेक चालू करत गेलं की सापडतो. रेषा हलली नाही तर तो शेजारी आहे किंवा तारेवरून येतोय. लोडशेडिंगला शिव्या घालणारे आपण, पण गावची लाइट गेली की १३७ चा पट्टा जो निवळतो तसा एरवी कधी दिसत नाही. शहरात उलटं घडतं, लाइट गेली की गल्लीतले सगळे इन्व्हर्टर एकदम जागे होतात. शेतावर थ्री फेज आली की सोलर पंपाचे आणि मोटारीचे कंट्रोलर पट्टाभर काटेरी रेषा उमटवतात. तेव्हा थ्री फेजचं वेळापत्रक बघून पास निवडायचा. विहिरीपासून शंभरेक मीटर लांब गेलं तरी बराच फरक पडतो.

शहरात एफएम केंद्रं जवळ असली तर वेगळा त्रास. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा जोरदार सिग्नल आठ बिटांच्या डोंगलला बधिर करतो आणि गाणी भलत्याच ठिकाणी ऐकू येतात. गेन (डोंगल सिग्नल किती फुगवतं ते) कमी करून बघा. रिकामा पट्टा बघत गेन शून्यापासून वाढवत न्या, आणि जिथून पुढे नुसता गोंगाटच वाढतो तिथे थांबा. तेवढ्याने भागलं नाही तर एफएम अडवणारा फिल्टर लावा. १३७ चा फिल्टर असलेला ॲम्प्लिफायर लावायचा तर तो अँटेनापाशी, केबलच्या वरच्या टोकाला. खाली डोंगलशेजारी लावलेला ॲम्प्लिफायर केबलने खाल्लेलं परत देत नाही.

सिग्नलचं चित्र करायला सॅटडंप हा प्रोग्रॅम वापरतो. त्यात डोंगल निवडा, मेटिऑर एलआरपीटी ७२के ही साखळी (सिग्नलपासून चित्रापर्यंतच्या पायऱ्यांची) निवडा, नमुने सेकंदाला १०.२४ लाख, फ्रिक्वेन्सी १३७.९. पास सुरू व्हायच्या दोन मिनिटं आधी रेकॉर्डिंग चालू करून टाका, फाइलच्या सुरुवातीला नुसता गोंगाट आला तर काही बिघडत नाही. उपग्रह उगवताना सिग्नल ३ किलोहर्ट्झ वर असतो, मावळताना तेवढाच खाली. या बाबतीत तुम्ही काहीच करायचं नाही. १०० किलोहर्ट्झहून रुंद असलेल्या या सिग्नलचा माग डिमॉड्युलेटर स्वतः ठेवतो. पडद्यावर आधी सपाट माथ्याचा एक फुगवटा दिसतो. सिग्नल-गोंगाट गुणोत्तर चार-पाच डेसिबलच्या घरात आलं की ठिपक्यांचा गोळा चार पुंजक्यांत विभागायला लागतो, चुकांचा आकडा घसरतो आणि सिंकचा, म्हणजे सिग्नल पकडल्याचा, दिवा हिरवा होतो. एकदा हिरवा झाला की हात लावू नका. अँटेना थोडी फिरवून बघू हा मोह इथेच होतो आणि चित्रात काळी पट्टी पडते. डिजिटल प्रसारणात धूसर चित्र असा प्रकार नसतो. ओळ येते किंवा येत नाही.

काळ्या पट्ट्यांवरूनही निदान होतं. सुरुवातीला आणि शेवटी चित्र नसणं स्वाभाविक. अगदी मधोमध, डोक्यावर असताना तुटलं तर अँटेनाची पत्र्यापासूनची उंची तपासा. ठरावीक अंतराने एकसारख्या पट्ट्या पडत असतील तर आसपास काहीतरी चालू-बंद होतंय. फुगवटा ठसठशीत आहे आणि तरी सिंक लागत नाही, तर बहुधा साखळी चुकीची निवडली आहे: ७२के ऐवजी ८०के, किंवा जुन्या मेटिऑरची. फुगवटाच नाही, तर घड्याळ, टीएलई, फ्रिक्वेन्सी याच क्रमाने बघा. केबल शेवटी.

चित्राची रुंदी १,५६८ ठिपके, जमिनीवर साधारण २,८०० किलोमीटर. उपग्रहाच्या कॅमेऱ्यात सहा चॅनेल आहेत, एका वेळी तीन येतात. उत्तरेकडे जाणाऱ्या पासचं चित्र उलटं उतरतं, ते फिरवावं लागतं. दुसऱ्या चॅनेलमध्ये, म्हणजे जवळच्या अवरक्त प्रकाशात, पाणी काळं आणि हिरवं रान उजळ दिसतं. ढग नसतील तर जायकवाडीचा नाथसागर काळ्या डागासारखा लगेच ओळखू येतो, त्याच्या दक्षिणेला उजनी. लोणारचं सरोवर शोधू नका, उपग्रहाच्या थेट खालीही एका ठिपक्याला एक किलोमीटर पडतं, त्यात ते एक-दोन ठिपक्यांत संपतं. रात्री दृश्य चॅनेल चालू असतील तर चित्र काळंच येणार, तो तुमचा दोष नाही.

हे जमलं की अंतराळ स्थानकाकडे वळावं, कारण खरी धावपळ तिथे आहे. ते डोक्यावर असताना सेकंदाला एक अंश सरकतं, मेटिऑरच्या दुप्पट. चांगला पास १० मिनिटांचा. १४५.८०० मेगाहर्ट्झवर बोलणं आणि अधूनमधून चित्रं, १४५.८२५ वर डेटाची पाकिटं, ४३७.८०० वर रिपीटरचा आवाज. १४५ च्या पट्ट्यासाठी हातात धरायची तीन एलिमेंटची यागी, म्हणजे एका दिशेला रोखायची अँटेना, करा: स्टीलच्या मोजटेपचे तुकडे, पीव्हीसीचा पाइप आणि चार क्लिपा. मागचा तुकडा १०५ सेंटिमीटर, पुढचा ८९, मधल्याचे दोन भाग ४५-४५ आणि त्यांच्यात अडीच सेंटिमीटरची फट. मागून मधल्यापर्यंत २०, मधल्यापासून पुढच्यापर्यंत ३२. मधल्या दोन भागांना जोडणारी साडेबारा सेंटिमीटरच्या तारेची यू आकाराची कडी विसरू नका, तिच्याशिवाय जुळणी होत नाही. टेपचा पिवळा रंग पॉलिश पेपरने खरवडल्याशिवाय सोल्डरिंगचा डाग धरत नाही.

या यागीचा झोत साठेक अंश रुंद असतो. अंशाअंशाने नेम धरायची गरज नाही, मोटर तर अजिबात नको. सिग्नल मंदावला तर दिशा बदलण्याआधी मनगट ९० अंश फिरवा. बहुतेक वेळा बदललेलं असतं ते ध्रुवण. पास अगदी माथ्यावरून असेल तर शरीर वळवू नका, हात डोक्यावरून मागे न्या. मोटरवाल्या मंडळींची इथेच तारांबळ उडते, कारण माथ्यावर यंत्राला काही सेकंदांत १८० अंश वळायचं असतं. १४५ वर डॉप्लर साडेतीन किलोहर्ट्झचा, साधा एफएम रिसीव्हर तो सहन करतो. ४३७.८ वर तो दहाच्या वर जातो, म्हणून ४३७.८१० पासून सुरू करून पाच-पाच किलोहर्ट्झने खाली यायचं आणि मावळताना ४३७.७९० वर संपवायचं. ऐकण्यापलीकडे उलट बोलायचं असेल तर हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना हवा, दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाची परीक्षा देऊन मिळणारा.

डॉप्लरची ही घसरण नुसती अडचण नाही. धबधब्यासारख्या सरकत्या चित्रात ती इंग्रजी एस अक्षरासारखी वळणदार रेघ उमटवते. रेघ सर्वांत तिरपी असते तो क्षण म्हणजे उपग्रह सर्वांत जवळ. तिरपेपणावरून किती लांबून गेला ते कळतं. १९५७ साली स्पुटनिकच्या २० मेगाहर्ट्झच्या बीपवरून जॉन्स हॉपकिन्सच्या प्रयोगशाळेत गायर आणि वायफेनबाख यांनी याच रेघेतून त्याची कक्षा काढली होती. एकाच रॉकेटमधून सुटलेल्या लहान उपग्रहांपैकी कोणता कोण, हे आजही असंच ओळखतात. प्रत्येकाच्या टीएलईवरून अपेक्षित रेघ काढायची आणि ऐकलेल्या रेघेवर ठेवून बघायची. दोन-तीन सेकंदांचा फरकही डोळ्यांना दिसतो. अर्थात आपलं घड्याळ बरोबर असेल तर.

मेच्या अखेरीपासून वळवाच्या दिवसांत दुपारी चारनंतर गच्चीवर यागी घेऊन उभं राहू नये. ढग लांब दिसत असला तरी वीज पोहोचते. डायपोलची केबल तेव्हा डोंगलपासून काढून घराबाहेर ठेवावी. हिवाळ्यात मोकळं आभाळ असतं, पण हरभऱ्याच्या रानात दव पडतं आणि कनेक्टर ओले होतात, त्यांना जुन्या बाटलीचं टोपण कापून लावलं की पुरतं. कच्चं रेकॉर्डिंग सेकंदाला दोन मेगाबाइट, म्हणजे एका पासाला १.८ गिगाबाइट. महिन्याभरात लॅपटॉप भरतो. चित्र निघालं की सॅटडंपची सीएडीयू फाइल ठेवावी, ती काही मेगाबाइटची असते आणि तिच्यातून चित्र पुन्हा काढता येतं. कच्ची फाइल फक्त फसलेल्या पासाची ठेवायची. साखळी बदलून ती परत चालवून बघता येते.